गिरणीतली पॉवर, चाळीतली लाईट

लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत संध्याकाळच्या वेळी कानावर पडू शकतील अशी ही काही वाक्ये पाहा. “लाईट गेली.” “बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढला.” “दोनचा पाचवा घात बत्तीस.” “काकांनी गावच्या जमिनीचे कुलमुखत्यारपत्र करून दिले.” “त्यांचे भिवंडीला चार यंत्रमाग आहेत.” “सत्ता कोणाचीही येवो, आपल्या घराचा प्रश्न तसाच.” सहा वाक्यांत सहा वेगळे विषय आहेत. मराठी माणसाला त्यांच्यात काही नाते आहे असे स्वप्नातही वाटणार नाही. पण हीच वाक्ये इंग्रजीत करायला बसा, सहाही ठिकाणी एकच शब्द हजर होतो : पॉवर. वीज ती पॉवर, भिंगाचा नंबर ती पॉवर, घात ती पॉवर, मुखत्यारीचा अधिकार ती पॉवर, यंत्रमाग तो पॉवरलूम आणि सत्ता तर पॉवरच.

आता उलट दिशेने चला. मराठीत आपण गुरुत्वाकर्षणाची शक्ती म्हणतो, अणुशक्ती म्हणतो, अश्वशक्ती म्हणतो, शिवाय स्मरणशक्ती, इच्छाशक्ती, क्रयशक्ती आहेतच. शेवटच्या तीन सोडून देऊ. त्यांच्यासाठी भौतिकशास्त्राकडे मोजपट्टी नाही. पण पहिल्या तिघींचे काय? गुरुत्वाकर्षणाची ‘शक्ती’ हे प्रत्यक्षात बल आहे, ते न्यूटनमध्ये मोजतात. अणूची ‘शक्ती’ ही ऊर्जा आहे, ती ज्यूलमध्ये मोजतात. पाठ्यपुस्तक जिला शक्ती म्हणते ती या तिघींपैकी फक्त अश्वशक्तीत आहे आणि तिचे एकक वॅट. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांची वसाहत अणुशक्तीनगर आणि आयोग मात्र अणुऊर्जा आयोग! दोन्ही नावांत इंग्रजी शब्द एकच अभिप्रेत आहे, ‘एनर्जी’. वसाहतीचे नाव बदला असे मी म्हणणार नाही, पण नववीतल्या मुलाने अणुशक्ती वॅटमध्ये मोजली तर त्याला सरसकट दोष देता येणार नाही, एवढे खरे.

हा प्रश्न केवळ शब्दांच्या गमतीचा नाही. मुंबईतल्या मराठी शाळेतला विद्यार्थी कार्य, ऊर्जा, बल, शक्ती हे शब्द मराठीतून शिकतो आणि अकरावीला विज्ञान शाखेत गेला की तेच सारे त्याच्यासमोर वर्क, एनर्जी, फोर्स, पॉवर या नावांनी येते. त्याच्या डोक्यात घरच्या बोलीतली ‘शक्ती’, पुस्तकातली ‘शक्ती’, रस्त्यावरची ‘पॉवर’ आणि नव्या पुस्तकातली ‘पॉवर’ अशा चार गोष्टी एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात. मग गणिते सुटतात, पण “एवढ्या फोर्सने एवढी पॉवर खर्च झाली” अशी वाक्ये उत्तरपत्रिकेत दिसू लागतात. सूत्र पाठ झालेले असते, संकल्पना मात्र हाताला लागलेली नसते.

म्हणून आधी संकल्पना. गिरणगावात एके काळी गल्लोगल्ली तालमी होत्या. तालमीतला पैलवान भिंतीला खांदा लावून रेटतो आहे. तो बल लावतो आहे, भरपूर लावतो आहे. पण भिंत हललेली नाही, म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्याने भिंतीवर केलेले कार्य शून्य, आणि कार्य शून्य म्हणून शक्तीही शून्य. मुले इथे हमखास हरकत घेतात : मग तो दमतो का? हरकत रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये. स्नायू ताणलेला ठेवायचा तर त्यातले सूक्ष्म तंतू सारखे एकमेकांना पकडत-सोडत राहतात. त्यासाठी शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. घाम येतो तो त्यामुळे. भिंतीपर्यंत मात्र त्यातले काही पोचत नाही.

आता त्याच पैलवानाला सोडून आपण चाळीचा जिना चढू. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तळमजल्यावरून १० मीटर उंचीवरच्या मजल्यावर गेला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ६० × ९.८ × १०, म्हणजे ५८८० ज्यूल. तो रमतगमत, शेजाऱ्यांची चौकशी करत एका मिनिटात चढला, तर त्याची शक्ती ९८ वॅट. शाळेला उशीर झालेला, तेवढ्याच वजनाचा मुलगा अर्ध्या मिनिटात धावत चढला, तर १९६ वॅट. दोघांनी केलेले कार्य तेच, दोघांनी खर्चलेली उपयुक्त ऊर्जा तीच, शक्ती मात्र दुप्पट. कारण शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, कार्य भागिले काळ. वर्गात घड्याळ, मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन हा प्रयोग जरूर करावा. मुलांना आपापली शक्ती वॅटमध्ये कळली की त्यांना ती सहसा विसरत नाही. (दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला धावायला लावू नये, हे सांगायला नकोच.)

जेम्स वॉटने हेच घोड्याबाबत केले. त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारी की, हे इंजिन माझे किती घोडे वाचवील? वॉटचा जो हिशेब सांगितला जातो तो असा : गिरणीच्या चाकाला जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांच्या बलाने ओढतो. गुणाकार केला की मिनिटाला ३२ हजारांहून थोडे जास्त फूट-पौंड येतात. वॉटने तो आकडा वर नेऊन ३३ हजार धरला. ही एक अश्वशक्ती, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॅट. दिवसभर राबणाऱ्या सर्वसाधारण घोड्याला ती जरा जास्तच आहे. उलट क्षणभर जोर लावायचा तर घोडा याच्या दहापटीपेक्षा अधिक शक्ती दाखवू शकतो. ‘वॅट’ हे एकक सुचवले ते विल्यम सीमेन्सने, १८८२ मध्ये, वॉटच्या मृत्यूनंतर साठाहून अधिक वर्षांनी.

मुंबईला घोड्यांकडून विजेकडे जाणारा हा प्रवास नवा नाही. ९ मे १८७४ रोजी इथे पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. एका ट्रामला एक किंवा दोन घोडे. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ‘दादर टी.टी.’मधले टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. रूळ गेले, नाव राहिले. शब्द वस्तूपेक्षा चिवट असतात, हे आपल्या विषयातही पुढे दिसेल.

‘पॉवर’ला आजचा अर्थ मिळाला तो गिरणीत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांच्या गिरणीत सूत निघू लागले. ही गिरणी वाफेवर चालणारी होती. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळीपर्यंत गिरण्याच गिरण्या उभ्या राहिल्या. अशा गिरणीत सुरुवातीच्या काळात मोटार नसे. एका बाजूला इंजिनघर, त्यात शेकडो अश्वशक्तीचे एकच अवाढव्य वाफेचे इंजिन, त्याच्या मोठ्या चाकावरून जाड दोरखंड मजल्यामजल्यांवर गेलेले, तिथे छताजवळ लांबलचक फिरते दांडे आणि त्या दांड्यांवरून चामड्याच्या पट्ट्याने खालचा एकेक साचा फिरवलेला. (विणकर मागाला ‘साचा’ म्हणत.) साच्याला मिळणारी गती खालच्या इंजिनाची. दोरखंड तुटला की अख्खा मजला गप्प. ही जी फिरण्याच्या रूपात घरभर वाटली जाणारी वस्तू, तिला इंग्रज गिरणीवाले ‘पॉवर’ म्हणत. लँकेशायरमध्ये तर ‘जागा आणि पॉवर’ भाड्याने देण्याची पद्धतच होती : इमारतीचा एक भाग घ्या, तिथल्या दांड्यावरून पट्टा घ्या आणि आपले माग चालवा. कार्टराइटने १७८५ मध्ये ज्या मागाचे पेटंट घेतले त्याला पॉवरलूम नाव पडले ते याच अर्थाने. हाताने नव्हे, बाहेरून आलेल्या गतीने चालतो तो. मराठीने इथे शब्दाचे भाषांतर न करता वस्तूकडे पाहिले. हाताने चालतो तो हातमाग, यंत्राने चालतो तो यंत्रमाग. मला हे भाषांतर मूळ शब्दापेक्षा सरस वाटते.

वाफेची जागा विजेने घेतली तेव्हा हा शब्द विजेवर जाऊन बसला. टाटांनी १९१० मध्ये जी कंपनी काढली तिच्या नावातच ‘हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय’ होते आणि तिचे अपेक्षित गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी साठवायचे, ते नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचे, तिथे जनित्रे फिरवायची आणि तारांवरून वीज मुंबईत आणायची. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये त्याच्या जोडीला आले.

ऊर्जा आणि शक्ती यांतला भेद शिकवायला घाटावरच्या या तळ्याइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. तळ्यात आहे ती ऊर्जा. पाणी खाली येताना सुमारे ५०० मीटर उतरते, म्हणजे प्रत्येक किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे ४९०० ज्यूल. ते तळ्यात नुसते पडून असेल तर ऊर्जा आहे, शक्ती काहीच नाही. झडप उघडली की प्रश्न येतो, दर सेकंदाला किती पाणी सोडता? एक मेगावॅट हवी असेल तर सेकंदाला २०४ किलोग्रॅम. खोपोलीची आजची क्षमता ७२ मेगावॅट आहे. तेवढी शक्ती मिळवायला सेकंदाला १५ टनांच्या आसपास पाणी खाली यावे लागेल, आणि नळातले घर्षण व जनित्रातली घट धरली तर त्याहूनही जास्त. झडप किती उघडली त्यावर शक्ती ठरते. तळे किती भरले आहे त्यावर ही शक्ती किती दिवस पुरेल ते ठरते. पाऊस कमी झाला तर जनित्रांची क्षमता कमी होत नाही, ऊर्जा कमी होते. वर्तमानपत्रात मात्र दोन्हीला ‘वीजटंचाई’ एवढेच म्हणतात.

गिरणीत पॉवर पोचली त्याच सुमाराला चाळीतही वीज येऊ लागली होती. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची आई, १९०५ ची. (ती १९४७ मध्ये महापालिकेकडे आली.) पण गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वीज कशासाठी हवी होती? रॉकेलचा कंदील जाऊन दिवा यावा म्हणून. तिथे फिरवायला साचा नव्हता. मराठी घरात विजेचे नाव ‘लाईट’ पडले ते यामुळेच असावे, असे मला वाटते. आपण लाईटचे बिल भरतो, त्यात पंखा, फ्रीज, मिक्सर सारे आले. भर दुपारी बारा वाजता, एकही दिवा चालू नसताना, आपण म्हणतो “लाईट गेली.” आमच्या लहानपणी ती परत आली की सगळ्या मजल्यांवरून एकदम ओरडा होई, “आलीऽऽ!” त्यात दिव्याचा उल्लेखही नसे. गिरणीने वीज पाहिली ती गती म्हणून, चाळीने पाहिली ती उजेड म्हणून. वस्तू एक, नावे दोन, आणि बाप पाळीवरून घरी आला की तो एका नावातून दुसऱ्या नावात येत असे.

हे दोन्ही शब्द आजही आपल्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. बटणांच्या फळ्यावर लहान छिद्रांची साधी खाच असते आणि गीझर-इस्त्रीसाठी मोठ्या छिद्रांची खाच असते. तिला वायरमन ‘पॉवर प्लग’ म्हणतो. पहिली ५ ॲम्पिअरची, दुसरी १५ ॲम्पिअरची. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट. गुणाकार करा : साध्या खाचेतून जास्तीत जास्त ११५० वॅट, पॉवर प्लगमधून ३४५० वॅट. इथे मात्र रस्त्यावरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द अगदी तंतोतंत जुळतात. दोन हजार वॅटचा गीझर साध्या खाचेत लावून तार वितळवणाऱ्याला शक्ती म्हणजे काय हे न शिकवल्याची किंमत मोजावी लागते.

बिलावर पुन्हा गोंधळ सुरू होतो. आपण ज्यांना ‘पॉवर कंपनी’ म्हणतो त्या आपल्याला पॉवर विकत नाहीत, ऊर्जा विकतात. बिलातले ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास. ‘वॅट’ हा शब्द आत असल्यामुळे मुले त्याला शक्ती समजतात. पण शक्तीला काळाने गुणले की पुन्हा ऊर्जा मिळते : १००० वॅट × ३६०० सेकंद = ३६ लाख ज्यूल. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, दहा वॅटचा दिवा शंभर तास जळला तरी एकच युनिट. एका युनिटाएवढे कार्य आपल्या जिन्यावर करायचे तर ६० किलोच्या माणसाला दहा मीटर ६१२ वेळा चढावे लागेल. मुलांना घरचे बिल आणायला सांगून त्यातला ‘मंजूर भार’ आणि ‘वापरलेली युनिटे’ शोधायला लावावे. पहिला आकडा किलोवॅटमध्ये असतो, तो शक्तीचा. दुसरा ऊर्जेचा. हे दोन आकडे ज्याला वेगळे ओळखता आले त्याला धडा समजला.

भिंगाची शक्ती ही अगदी वेगळीच चीज आहे. तिचा वॅटशी काडीचा संबंध नाही. भिंग कार्य करत नाही, ते फक्त प्रकाश वळवते, आणि किती जोराने वळवते ते सांगणारा आकडा म्हणजे भिंगाची शक्ती : मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. हे एकक डायॉप्टर, ते मोनॉयर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ मध्ये सुचवले. अधिक दोनचे भिंग म्हणजे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, उणे अडीचचे म्हणजे ४० सेंटिमीटर, पण प्रकाश फाकवणारे. त्याआधी भिंगावर नाभीय अंतराचे इंच लिहीत. त्यात तोटा असा की, भिंग जितके जोरदार तितका आकडा लहान, शिवाय दोन भिंगे एकावर एक ठेवली तर बेरीज करता येईना. डायॉप्टरमध्ये अधिक दोन आणि अधिक दीड मिळून सरळ अधिक साडेतीन. दादरच्या चष्मेवाल्याच्या डब्यातली भिंगे म्हणजे या बेरजेचा चालताबोलता तक्ता. व्यवहारात आपण या आकड्याला ‘नंबर’ म्हणतो आणि पाठ्यपुस्तक ‘भिंगाची शक्ती’ म्हणते. इथे माझे मत बोलीच्या बाजूने आहे. ‘नंबर’ कोणताही खोटा अर्थ सुचवत नाही. ‘शक्ती’ म्हटले की मुलगा विचारतो, उणे शक्ती कशी असेल? शिवाय डोळ्यांची ‘पॉवर’ कमी झाली म्हणून चष्म्याची ‘पॉवर’ वाढली, हे वाक्य ऐकून कोणीही गांगरेल.

गणितातला ‘घात’ मात्र इंग्रजीतून आलेला नाही. संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असे मारामारीचे शब्द वापरत. घात म्हणजे गुणाकार, त्यातून वारंवार केलेला गुणाकार. मराठी मुलाला त्यात विश्वासघात ऐकू येतो, देशावरच्या शेतकऱ्याला पेरणीची घात, म्हणजे जमिनीचा योग्य ओलावा. इंग्रजीतली ‘पॉवर’ इथे कुठून आली? ग्रीक गणिती चौरसासाठी ‘डायनामिस’ शब्द वापरत. त्याचा साधा अर्थ सामर्थ्य. त्याचे लॅटिनमध्ये ‘पोटेन्शिया’ झाले आणि इंग्रजीत ‘पॉवर’. डायनॅमो, डायनामाइट आणि बलाचे जुने एकक ‘डाइन’ ही सारी त्याच डायनामिसची लेकरे. म्हणजे एका शब्दावर इतके अर्थ लादण्याची सवय इंग्रजीलाही वारशानेच मिळाली.

आणि हा घोळ आपल्याच भाषेत आहे असे समजून शिक्षकांनी खजील होऊ नये. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा हेल्महोल्ट्झचा १८४७ चा प्रसिद्ध निबंध घ्या. त्याच्या जर्मन शीर्षकात ऊर्जेसाठी शब्द आहे ‘क्राफ्ट’, आणि त्याचा आजचा शास्त्रीय अर्थ बल. टॉमस यंगने १८०७ मध्येच ‘एनर्जी’ शब्द शास्त्रीय अर्थाने वापरला होता, तरी तो सर्वत्र रुळायला कित्येक दशके लागली. मराठीत तर बलाला ‘प्रेरणा’ म्हणण्याचीही प्रथा आहे. मराठी विश्वकोशात ‘केंद्रोत्सारी प्रेरणा’ भेटते. तीच प्रेरणा मानसशास्त्राच्या पुस्तकात माणसाला अभ्यासाला बसवते!

वर्गात मी एक साधा नियम सुचवीन. शब्द कोणताही येऊ दे, आधी एकक विचारायचे. न्यूटन असेल तर बल, ज्यूल किंवा युनिट असेल तर ऊर्जा, वॅट किंवा अश्वशक्ती असेल तर शक्ती, डायॉप्टर असेल तर चष्मा. एककच नसेल तर घात, सत्ता किंवा इच्छाशक्ती, आणि त्यातल्या शेवटच्या दोघींना विज्ञानाच्या तासाला बाहेर बसवायचे. मराठी आणि इंग्रजी शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, पण मधल्या रकान्यात एकक लिहिल्याशिवाय नाही.

सरावाला उदाहरण मुलांच्या दप्तरातच किंवा घरात सापडेल : मोबाइलची ‘पॉवर बँक’. नावाप्रमाणे ती शक्तीची पेढी, पण पेढीत साठवता येते ती ऊर्जा. दर कसा साठवणार? १०,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे १ लाख ३३ हजार २०० ज्यूल. आपल्या चाळीचा जिना बावीस-तेवीस वेळा चढण्याइतकी. त्याच डबीच्या पाठीवर बहुधा दुसरा एक आकडा असतो, १८ वॅट किंवा २२.५ वॅट. कोणता आकडा बदलला तर मोबाइल लवकर भरेल आणि कोणता बदलला तर जास्त वेळा भरेल, हे मुलांना विचारावे.